तम्मूझ: मेंढपाळ देवाच्या नावाचा महिना

यरुशलेमच्या मंदिरात, उत्तरेच्या दारापाशी काही बायका रडत बसल्या आहेत. त्यांचा शोक तम्मूझ या देवासाठी आहे. बाबेलच्या बंदिवासात असलेल्या यहेज्केल संदेष्ट्याला इ.स.पू. ५९२ मध्ये दृष्टांतात हे दिसलं. एकाच देवाच्या घरात परक्या देवासाठी अश्रू! आज तेच नाव ज्यू पंचांगातल्या एका महिन्याला आहे.

हा देव मूळचा सुमेरचा. तिथे तो दुमुझी, मेंढ्या राखणारा, इनान्ना देवीचा नवरा. इनान्ना एकदा पाताळात अडकली. तिथून सुटायचं तर तिला आपल्या बदली कुणाला तरी तिथे धाडणं भाग होतं. घरी येऊन पाहते तो नवरा दुःखात नाही, थाटात सिंहासनावर बसलेला. तिने त्यालाच धाडलं. पुढे त्याच्या बहिणीने, गेश्तिनन्नाने, अर्ध्या वर्षाचा पाताळवास स्वतःवर घेतला. मेसोपोटेमियात उन्हाने रानं करपली की लोक या मेंढपाळासाठी शोक करत. बाबेली पंचांगातला हा चौथा महिना त्याच्याच नावाने दुऊझू झाला.

बंदिवासापूर्वी ज्यू लोक महिने बहुधा नुसते मोजत: पहिला, दुसरा, तिसरा. अवीव, झीव, एथानीम, बूल अशी चारच जुनी नावं बायबलमध्ये उरली आहेत. बंदिवासातून परतताना महिन्यांची नावं बाबेलहून सोबत आली, असं यरुशलेमचा तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ मोकळेपणाने सांगतो. मग ती टाकून का दिली नाहीत? तेराव्या शतकातल्या नाहमानिदिस या ज्यू पंडिताचं उत्तर मनाला भिडतं. महिने मोजण्यात मिसरमधून झालेल्या सुटकेची आठवण होती. बाबेली नावांत बाबेलमधून झालेल्या सुटकेची आहे.

तरी तम्मूझ हे नाव टोचत राहिलं असावं. हिब्रू बायबलमध्ये निसान, एलूल, अदार हे महिने नावाने येतात. तम्मूझ मात्र महिना म्हणून एकदाही नाही. जखऱ्या संदेष्टा ‘चौथ्या महिन्याचा उपवास’ एवढंच म्हणतो. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी यहेज्केलने पाहिलेल्या त्या रडण्याचा वेगळाच अर्थ लावतो: मूर्तीच्या डोळ्यांत शिसं असे, आतून तापवली की ते वितळे आणि मूर्तीच रडते आहे असं वाटे.

शोक मात्र या महिन्याला पुन्हा चिकटला. इ.स. ७० च्या वेढ्यात रोमनांनी यरुशलेमची तटबंदी फोडली, त्याची आठवण म्हणून १७ तम्मूझला उपवास असतो. मोशेने देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फोडल्या तोही हाच दिवस, असं मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. तिथून आव महिन्याच्या नवव्या दिवसापर्यंत, म्हणजे मंदिर पडल्याच्या दिवसापर्यंत, तीन आठवडे सुतकासारखे पाळतात. लग्नं लावत नाहीत. आपल्या अधिक मासासारखाच १९ वर्षांत सात वेळा जादा महिना धरल्यामुळे हे दिवस कधीच उन्हाळा सोडून जात नाहीत. इराकमध्ये तर जुलैलाच तम्मूझ म्हणतात.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी आवच्या त्या नवव्या दिवसाला घरचं नाव दिलं. उपवासाच्या त्या दिवसाशी मोड आलेल्या वालांचं बिरडं जोडलेलं होतं, म्हणून तो झाला ‘बिरड्याचा सण’.