रिस्पेरिडोन : मुलांमधील वापर

रिस्पेरिडोन हे मनोविकृतिरोधी, म्हणजेच अँटिसायकोटिक गटातील औषध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९३ मध्ये मंजुरी दिली, ती प्रौढांच्या स्किझोफ्रेनियासाठी. मुलांसाठीची पहिली मंजुरी ऑक्टोबर २००६ मध्ये आली. ५ ते १६ वर्षांच्या स्वमग्न मुलांमधील तीव्र चिडचिड, अंगावर धावून जाणे आणि स्वतःला इजा करून घेणे, एवढ्यापुरतीच ती होती. पुढच्या वर्षी १३ ते १७ वयोगटातील स्किझोफ्रेनिया आणि १० ते १७ वयोगटातील बायपोलर विकारातला उन्माद यांची भर पडली.

मंजुरीची वाट मात्र कोणी पाहिली नव्हती. अमेरिकेत मुला-किशोरांना अँटिसायकोटिक औषध दिले गेले अशा दवाखान्यातील भेटी १९९३ मध्ये सुमारे २ लाख होत्या. २००२ मध्ये त्या १२ लाखांवर गेल्या. मंजूर नसलेल्या कारणासाठी औषध लिहून देणे तिथे बेकायदा नाही आणि बालरोगांत त्यावाचून अनेकदा इलाजही नसतो. पण यातली बरीच मुले भ्रम-भासांनी ग्रासलेली नव्हती. ती भांडखोर होती, चंचल होती, वर्गात आवरत नव्हती.

औषधाला गुण आहे, हे निर्विवाद. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत १०१ स्वमग्न मुले होती. रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली. दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत फक्त १२ टक्के. भिंतीवर डोके आपटणारे मूल शांतपणे जेवू लागते, तेव्हा त्या घराला काय मिळाले हे टक्क्यांत सांगता येत नाही. मात्र स्वमग्नतेच्या मूळ अडचणी, म्हणजे बोलणे, नजरेला नजर देणे, इतरांत मिसळणे, या औषधाने दूर होत नाहीत. पालकांना ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी.

या सुधारणेची किंमत वजनकाट्यावर दिसते. त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोंनी वाढले, इतरांचे ०.८ किलोंनी. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधून आलेला अभ्यास अधिक काळजीत टाकणारा होता. त्यात ४ ते १९ वर्षांची, अँटिसायकोटिक औषधे पूर्वी न घेतलेली २७२ मुले होती. सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापीनवर सरासरी ८.५ किलो वजन वाढले, क्वेटियापीनवर ६.१, रिस्पेरिडोनवर ५.३ आणि अ‍ॅरिपिप्राझोलवर ४.४ किलो. औषध न घेतलेल्या मुलांची वाढ होती अवघी ०.२ किलो. ही भूक हावरटपणाची नव्हे. मेंदूतील सेरोटोनिन आणि हिस्टामिनचे ग्राहक अडवले गेले की पोट भरल्याची जाणीवच मंदावते. ‘कमी खा’ म्हणून अशा मुलाला रागावणे अन्यायाचे आहे.

दुसरा परिणाम मुलगे सहसा लपवतात. पिट्युटरी ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर एरवी डोपामिनचा लगाम असतो. रिस्पेरिडोन तो सैल करते. त्यामुळे मुलग्यांची छाती वाढू शकते, मुलींची पाळी चुकू शकते, क्वचित स्तनांतून दूधही येते. अमेरिकेत हजारो मुलग्यांच्या वतीने यावरून खटले भरले गेले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये रिस्पेरिडोन बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने अमेरिकी सरकारशी २.२ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. मंजुरी नसताना मुलांसाठी रिस्पेरिडोनचा प्रचार केला आणि तोही प्रोलॅक्टिन वाढण्याचा धोका माहीत असताना, हेही त्यातील आरोपांत होते. त्याच कंपनीच्या पैशातून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बालमनोविकारांचे संशोधन केंद्र चालत होते. लहान मुलांतील बायपोलर निदानाचा जोरदार पुरस्कार करणारे तिथले जोसेफ बीडरमन यांना २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून किमान १६ लाख डॉलर मिळाल्याचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत उघड झाले.

सर्वांत जास्त जपायला हवे ते पालकांचे छत्र हरपलेल्या मुलांना. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये पाच राज्यांची पाहणी केली. सरकारी विमा योजनेतील इतर मुलांच्या तुलनेत पालनगृहांतील मुलांना मनोविकारांवरील औषधे २.७ ते ४.५ पट प्रमाणात दिली जात होती. त्यांच्यावर आघातही जास्त झालेले असतात, हे खरे. पण ‘हे औषध आता पुरे’ म्हणणारे माणूस त्यांच्यापाशी नसते.

औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक अंतराने वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर व मेद तपासावे लागतात. तोंडाच्या वा हातापायांच्या अनैच्छिक हालचालींवरही लक्ष ठेवावे लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवून औषध थांबवता येते. एकदम बंद करणे धोक्याचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत १२४ स्वमग्न मुलांपैकी काहींच्या पालकांना औषधाच्या जोडीला वर्तन हाताळण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले. ती मुले नुसत्या औषधावरच्या मुलांपेक्षा अधिक सुधारली, आणि त्यांना डोसही थोडा कमी पुरला.