तंजावरची छत्रं आणि कॅम्पसचं वाय-फाय

मराठी संशोधक तंजावरला जातो तो बहुधा मोडी कागदांच्या ओढीनं. 1676च्या सुमारापासून 1855पर्यंत इथं भोसल्यांचं राज्य होतं. त्याच्या खुणा सरस्वती महालाच्या ग्रंथालयात आहेत आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या 1803 सालच्या लांबलचक मराठी शिलालेखातही. आजचं तंजावर मात्र कॅम्पसचंही गाव आहे. 1981चं तमिळ विद्यापीठ, तिरुमलैसमुद्रमची 1984मध्ये सुरू झालेली ‘शास्त्र’ ही संस्था, वल्लमचं पेरियार मणियम्मै, जे 1988मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून उघडलं.

अशा कॅम्पसमध्ये नवा विद्यार्थी आला, की खोली आणि मेसपाठोपाठ तिसरं काम असतं फोन वाय-फायला जोडण्याचं. घरी त्याला एक पासवर्ड पुरलेला असतो. संस्थेच्या सुरक्षित नेटवर्कचं नाव दाबलं, की अँड्रॉइड फोन प्रश्नांची रांग लावतो: ईएपी मेथड, फेज टू ऑथेंटिकेशन, सीए सर्टिफिकेट, डोमेन, आयडेंटिटी, अनॉनिमस आयडेंटिटी आणि सर्वांत शेवटी पासवर्ड. शेजारच्या खोलीतला सीनियर दोन रकाने भरून देतो आणि बाकीचे सोडून द्यायला सांगतो. यातला जवळपास प्रत्येक रकाना कुठल्या तरी फजितीनंतर आलेला आहे, हे त्या दोघांच्याही गावी नसतं.

पहिली फजिती कुलपाचीच. वाय-फायचं मूळ मानक 1997मध्ये आलं आणि त्यासोबत ‘वेप’ नावाची सुरक्षा. सगळ्यांना मिळून एकच किल्ली. एक विद्यार्थी कॉलेज सोडून गेला, तरी किल्ली त्याच्या खिशात राहायची आणि बदलायची म्हटलं तर सगळ्यांचीच बदलावी लागायची. त्यात 2001 साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी वेपमागच्या गणितातली कमजोरी दाखवून दिली. हवेतला संदेश पुरेसा वेळ ऐकत बसलं, तर किल्ली बाहेर काढता येत होती. ‘डब्ल्यूपीए’ 2003मध्ये आणि ‘डब्ल्यूपीए टू’ 2004मध्ये आलं, ते या पडझडीवरचा उपाय म्हणून.

मोठ्या संस्थांना कुलूप मजबूत असून भागणार नव्हतं. आत कोण आलं, हेही कळायला हवं होतं. त्याची सोय जुन्या सामानातून झाली. 1991मध्ये लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या अमेरिकी कंपनीनं मिशिगनच्या विद्यापीठांच्या ‘मेरिट’ नेटवर्कसाठी ‘रेडियस’ तयार केलं होतं. टेलिफोनवरून मॉडेमनं आत येणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड एका जागी तपासायचं, एवढंच त्याचं काम. 2001चं ‘802.1एक्स’ हे मानकही आधी केबल खुपसायच्या भोकांसाठीच होतं. दोन्ही वाय-फायला जोडली गेली आणि आजची पद्धत उभी राहिली. छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः काहीच ठरवत नाही. तो फोनची विचारणा सर्व्हरपर्यंत नेतो आणि होकार येईपर्यंत दुसरं काही जाऊ देत नाही. होकार आला, की प्रत्येक फोनला त्याची वेगळी किल्ली मिळते. एकाचं खातं बंद केलं, तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी 2005मध्ये परवानामुक्त झाला आणि घराघरांत, कॉलेजांत राउटर दिसू लागले. पासवर्ड न घालताच ते चालू ठेवण्याची सवयही तेव्हाचीच. ती मोडली 2008मध्ये, मुंबईत. 26 जुलैला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायपर्यंत पोहोचला. 23 ऑगस्टचा पुढचा मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला होता आणि 13 सप्टेंबरचा, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा, चेंबूरच्या एका कंपनीच्या. भलताच कुणीतरी त्यांच्या हवेवर स्वार झाला होता. फेब्रुवारी 2009मध्ये दूरसंचार विभागानं फर्मान काढलं: वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. कॅम्पसच्या नेटवर्कला नाव-गाव विचारण्याची सक्ती इथून पक्की झाली.

पण पाहुण्याचं काय? पुण्याची प्राध्यापिका आठवडाभरासाठी दुसऱ्या विद्यापीठात गेली, तर तिचं खातं तिथं कोण उघडणार?

तंजावरला हा प्रश्न नवा नाही. काशीहून रामेश्वरला जाणाऱ्यांची वाट याच मुलखातून जायची आणि भोसले राजांनी त्या वाटेवर छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं. राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेल्यावर सरफोजींनी 1801मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला पत्र लिहून छत्रांना हात लावू नका, अशी गळ घातली. तिथं सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळतं, आजाऱ्याला वैद्य मिळतो, मुलांना शिक्षण मिळतं, असं त्यांनी सांगितलं होतं.

विद्यापीठांच्या जगात असं छत्र 2002मध्ये सुचलं ते नेदरलँड्सच्या सर्फनेट संस्थेतल्या क्लास विरेंगा यांना. नाव ‘एज्युरोम’. छत्रात जेवणाऱ्याचं घर कुणी विचारत नसे. इथं मात्र घरीच विचारून घेतात. प्राध्यापिका आपली आयडी लिहिते, तिच्या शेवटी तिच्या संस्थेचं नाव असतं. यजमान विद्यापीठ ते नाव वाचून विचारणा पुढं धाडतं. देशपातळीवरचा सर्व्हर ती तिच्या संस्थेकडे पोचवतो आणि तिथून हो किंवा नाही येतं. पासवर्ड बंद बोगद्यातून जातो, यजमानाला तो दिसत नाही. ‘अनॉनिमस आयडेंटिटी’चा रकाना त्यासाठीच: वाटेतल्यांना फक्त संस्था कळावी, माणूस नाही. आज शंभराहून अधिक देशांत ही सोय आहे. भारतात ती ‘अर्नेट’ ही शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारी संस्था चालवते. ही तीच अर्नेट, जिची सुरुवात 1986मध्ये झाली आणि जिच्या पहिल्या काळात मुंबईतल्या एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण झाली.

राहिला सीए सर्टिफिकेटचा रकाना, सीनियर सोडून द्यायला सांगतो तो. सर्व्हर तुमची ओळख तपासतो, तशी तुम्ही सर्व्हरची तपासायची, ती इथं. तोतया माणूस त्याच नावाचं नेटवर्क उभारून वसतिगृहाबाहेर बसला, तर सर्टिफिकेट न तपासणारा फोन आपण होऊन त्याच्याशी बोलू लागतो. 2012मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी ‘एमएसचॅप व्ही टू’ या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीचा असा पकडलेला संवाद एका दिवसाच्या आत फोडून दाखवला. तरीही ‘डू नॉट व्हॅलिडेट’ हा सोपा पर्याय अँड्रॉइडवर आणखी आठ वर्षं टिकला. डिसेंबर 2020पासून अँड्रॉइड 11मधून तो काढायला सुरुवात झाली, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला.

जुन्या फोनवर तो पर्याय अजून दिसतो. तो निवडू नका. संस्थेच्या संगणक विभागाकडून सर्टिफिकेट आणि डोमेनचं नाव मागून घ्या आणि दोन्ही रकाने भरा. कारण बहुतेक संस्थांत वाय-फायचा पासवर्डच ई-मेलचा आणि निकालाचाही असतो.