तालमीच्या उंबरठ्यावरील संकोच

जुन्या तालमीचे दार बहुधा ठेंगणे असे आणि आत उजेड बेताचाच. वाकल्यावाचून आत शिरता येत नसे. वर पाहावे तो समोर कोनाड्यात शेंदराने माखलेला मारुती. नवख्याचा पहिला नमस्कार असा नकळतच घडून जाई. मातीची ओल टिकावी, घामेजल्या अंगास वारा लागू नये म्हणून ही रचना, असे जाणते सांगत. ते खरेच; परंतु तिचा आणखी एक उपकार होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा अंगाने चारचौघांत लंगोट लावून उभे राहणे ही काही लहानसहान लाज नव्हे, आणि त्या अंधुक उजेडात ती निम्मी झाकली जाई.

उरलेल्या निम्म्याची व्यवस्था वस्ताद करी. नव्या पोराच्या हाती तो आधी फावडे देई. हौद्यातील तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ राखावी लागे, आणि ती रोज खणावी लागे. खणणाऱ्याची नजर मातीत असते. कोण आपल्याकडे पाहतो हे बघण्यास त्याला सवड कोठली? घटकाभराने अंग घामाने निथळले व मातीने माखले की कृश आणि धष्टपुष्ट दोघे एकाच रंगाचे होत. भिंतीशी गदा आणि मुद्गल असत, आरसा क्वचितच. आपली दंडबेटकुळी आपणच न्याहाळीत बसण्याची सोय तेथे नव्हती, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

संकोच थोरांनाही चुकलेला नाही. बाळ गंगाधर टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. लग्न आदल्याच वर्षी झालेले, आणि वधू वरापेक्षा सुदृढ दिसते अशी मित्रमंडळी थट्टा करीत, असे चरित्रकार सांगतात. टिळकांनी पहिले वर्ष व्यायाम, कुस्ती व पोहणे यांस वाहून टाकले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते नापास झाले. अंगाच्या लाजेवर मात करण्यासाठी नापाशीची लाज पत्करणारा विद्यार्थी विरळाच! पुढे कारावासातील हालअपेष्टा सोसताना ही जमविलेली पुंजी त्यांच्या कामी आली.

बडोद्यास प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायामशाळेतून निराळाच मार्ग दाखविला. त्यांचा सांघिक व्यायाम देशी भाषेतील हुकुमांवर चाले. शेकडो हात एकदम वर जातात, तेथे एकट्याचा हात कोण पाहणार? पुढे १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी याच शाळेत माणिकरावांपाशी शिकले.

मात्र तालमीच्या या साऱ्या शहाणपणात एक मोठी उणीव होती. तिने संकोच ओळखला तो पुरुषांचाच; त्या ठेंगण्या दारातून स्त्रीला प्रवेश नव्हता. ही कोंडी फोडण्यास औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा हातभार लागला. ते स्वतः प्रथम सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ती सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९२८ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. आपल्या संस्थानातील शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही त्यांनी नमस्कार शिकविले, आणि घरातील स्त्रियांनाही घालावयास लावले. यास साधन नको, वस्ताद नको, प्रेक्षक तर नकोच. चार हात जागा आणि पहाटेची वेळ पुरे. प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र आणि सूर्याचे एक नाव उच्चारावयाचे, त्यामुळे मन आपल्या अंगावर न रेंगाळता त्या नावाशी गुंतून राही. देवघरापुढे पदर खोचून नमस्कार घालणाऱ्या सुनेला नावे ठेवण्यास सासूलाही काही निमित्त उरत नसे. ती तर सूर्यनारायणाचीच पूजा होती.