खापर आणि ढाल

सह्याद्रीच्या जंगलात जमिनीखाली राहणाऱ्या एका सापाचं शेपूट तिरकं छाटल्यासारखं दिसतं. टोकावरचे खवले खरखरीत असतात, त्यांवर माती चिकटून राहते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये अशा सापांना ‘युरोपेल्टिस’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘उरा’ म्हणजे शेपूट, ‘पेल्टे’ म्हणजे लहान ढाल. मराठीत तो खापरखवल्या. एकाच शेपटीकडे पाहून एका भाषेला रणांगण आठवलं, दुसरीला फुटलेलं मडकं.

मी राहते ते जामुल भिलाईला लागून, सपाट मैदानात. माझी या सापाशी ओळख नावांतूनच झाली. भाषांतर करणाऱ्याला नावं थांबवतात, कारण त्यांत पाहणारा दडलेला असतो.

१८८८ मध्ये यातल्या एका जातीला एच. एम. फिप्सन यांचं नाव मिळालं. फिप्सन मुंबईतले मद्यव्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला त्यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात जागा दिली होती. त्या ऋणाची नोंद सापाच्या नावात राहिली. १९५५ मध्ये चारी यांनी एका उपजातीला महाबळेश्वरचं नाव दिलं. माणसाच्या जागी गाव आलं.

याच कुळातल्या एका काळ्या सापाची गोष्ट आणखी लांबली. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातला हा साप शंभराहून अधिक वर्षं दक्षिणेकडच्या भलत्याच जातीच्या नावावर खपत होता. २०१६ मध्ये गोवर, गिरी, कॅप्टन आणि विल्किन्सन यांनी तो वेगळा ठरवला आणि नाव दिलं ‘मेलानोफिडियम खैरेई’. हे नाव पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं. १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहून सापांची भीती किती अनाठायी आहे, हे त्यांनी लोकांना दाखवलं होतं. फिप्सन ते खैरे, या प्रवासाला १२८ वर्षं लागली.

नाव नसलेला साप आपल्याकडे नुसता ‘साप’ असतो, आणि सापाला काठी ठरलेली. खापरखवल्या बिनविषारी. गांडुळं खातो, पिल्लांना जन्म देतो, पावसाळ्यात वर आला तर वाहनाखाली सापडतो. ज्याच्या नावातच खापर, त्याच्याच माथी आपण आपल्या भीतीचं खापर फोडतो.