शिकलेले आणि करून दाखवलेले

मूल पाहून शिकते हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणीही विचारील. पण प्रयोगशाळांत या गोष्टीला फार काळ मान नव्हता. १८९८ मध्ये थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले. दुसरे मांजर कसे सुटते हे पाहून त्यांना काही फायदा झालेला दिसला नाही. १९४१ मध्ये मिलर व डॉलर्ड यांनी अनुकरणावर पुस्तक लिहिले, पण त्यांच्या मांडणीतही नक्कल करणाऱ्याला बक्षीस मिळणे आवश्यक होते.

मग १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस हे त्याचे कर्ते. एक मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने मारते, लाथा घालते; मूल नुसते पाहते. पुढे दुसऱ्या खोलीत, ते माणूस नसताना, मुलांनी तेच प्रकार केले, शब्दही तेच वापरले. बक्षीस कोणी दिले नव्हते. बाहुला ठोसे खाण्यासाठीच बनवलेला होता, त्यामुळे यावरून खऱ्या हिंसेबद्दल किती बोलावे, हा आक्षेप रास्तच आहे.

माझ्या मते याहून मोलाचा प्रयोग १९६५ चा, पण त्याची चर्चा कमी होते. बांडुरांनी ६६ मुलांना एक छोटा चित्रपट दाखवला. एका गटाने पाहिले, की मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळाला. दुसऱ्या गटाने पाहिले, की त्यालाच दटावून मार दिला गेला. तिसऱ्या गटाच्या चित्रपटात पुढे काहीच घडले नाही. शिक्षा पाहिलेल्या गटाने नक्कल सर्वांत कमी केली. इथेच थांबले असते तर आपण म्हणालो असतो, शिक्षेने काम झाले!

बांडुरा थांबले नाहीत. चित्रपटातला माणूस जे जे करत होता ते करून दाखवा, प्रत्येक कृतीला फळांचा रस आणि चिकटचित्र मिळेल, असे मुलांना सांगण्यात आले. तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. शिक्षा पाहिलेली मुलेही सारे तितकेच शिकली होती. फक्त करत नव्हती. मुलींचेही तसेच. आधी त्या मुलांपेक्षा बऱ्याच मागे होत्या, आता ते अंतर पुष्कळ कमी झाले.

वर्गात जे दिसत नाही ते मुलाला येत नाही, असे आपण परीक्षेच्या वेळी धरून चालतो. दंगा थांबला की तो विसरला, असेही. या ६६ मुलांनी दोन्ही गृहीतके अडचणीत आणली.