धावत्या हाताचे अक्षर आणि शिशाचा खिळा : मोडी छापखान्यात गेली तेव्हा

१/ व्हेनिस, १५०१. मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने व्हर्जिलचे काव्य हातात मावेल अशा छोट्या आकारात छापले, तेही उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत. फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरलेल्या या वळणाचा उगम दप्तरातल्या लेखनिकांच्या धावत्या हातात होता. आज ज्याला ‘इटालिक’ म्हणतात, ते हेच.

२/ महाराष्ट्रातही असा धावता दप्तरी हात होता : मोडी. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही; वेग महत्त्वाचा. पोथी बाळबोधीत, हिशेब मोडीत, अशी कामांची वाटणीच होती. शिवछत्रपतींच्या मोडी पत्रांवरही मुद्रा उमटे ती बाळबोध अक्षरांत. युरोपात पुढे सरळ मजकुरात तिरपा शब्द उठून दिसू लागला; इथे नेमके उलट, धावत्या मजकुरावर सरळ अक्षर उठून दिसे.

३/ या हाताचा खिळा पाडला गेला तो दूर बंगालमध्ये. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत निघाले. त्याचा १८१० चा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत आहे. व्यवहारातला मराठी माणूस मोडी वाचतो, हा त्यामागचा हिशेब. पाठोपाठ याच खिळ्यांत नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळही छापली गेली. आजच्या वाशीम जिल्ह्यातले इंझोरी ज्या वऱ्हाडात येते, तिथे १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत निजाम आणि हेच भोसले यांचा दुहेरी अंमल होता.

४/ मग मोडीचे ‘इटालिक’ का झाले नाही? मोडीत स्वर जोडला की व्यंजनाचे रूपच पालटते. खिळा मात्र सुटा. प्रत्येक जोडणीचा वेगळा खिळा पाडा, नाहीतर ओघ तोडा! शिळाछापाला ही अडचण नव्हती. दगडावर हात जसा चालेल तसा उमटे. म्हणून मोडी शिळेवर रमली आणि खिळ्यांचे राज्य बाळबोधीकडे गेले.

५/ १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोधी स्वीकारली. शाळांतून मोडी हटायला आणखी काही दशके लागली. आज संगणकावर देवनागरी ‘तिरपी’ करता येते खरी, पण बहुतेक वेळा ते सरळ अक्षरच कलंडलेले असते. त्यात धावत्या हाताचे वळण नाही.

६/ २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसिलांतली जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. नोंदी कागदावर होत्या. ज्यांच्या पूर्वजांच्या त्या होत्या, त्यांनाच त्या वाचता येत नव्हत्या.