सीनेच्या पुराने शेतात काय ठेवले, काय नेले?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि माढा तालुक्यातील दारफळसारख्या नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढले. अशा पुराचे पाणी ओसरले की एका शेतातली माती खरडून मुरूम उघडा पडतो, तर दुसऱ्या शेतात वाळू आणि गाळ साचलेला दिसतो. एकच पूर ही दोन्ही कामे कशी करतो?

सगळा खेळ वेगाचा

पाण्याचा वेग जितका जास्त, तितके जड कण ते वाहून नेते. पात्राबाहेर पडलेले पाणी पसरते, उथळ होते आणि मंदावते. त्यामुळे जाड वाळू आधी, काठालगतच बसते. पोयटा थोडा पुढे जातो. चिकणमाती सर्वांत शेवटी, साचलेल्या पाण्यात बसते. अनेक पुरांनंतर काठाने लांबट उंचवटा तयार होतो. त्याला पूरतट म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर वादळी लाटाही वाळू आणि शिंपले वर ढकलून असेच उंचवटे रचतात.

मात्र नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी जोराने आपटते. तिथे, किंवा प्रवाह काठ फोडून शेतात घुसतो तिथे, माती साचण्याऐवजी वाहून जाते.

थर कसे वाचतात?

ढासळलेल्या काठात थर उघडे पडतात. खाली वाळू आणि वर बारीक गाळ ही जोडी बहुधा एका पुराची असते. दोन जोड्यांमध्ये मुळांच्या खुणा असलेली माती असेल, तर मधला बराच काळ मोठ्या पुराविना गेला, असे समजतात. थरातील कोळशाचे वय किरणोत्सारी कार्बनवरून कळते. वाळूचे कण शेवटचे उन्हात कधी होते, हेही प्रयोगशाळेत मोजता येते. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी या नद्यांच्या काठचे असे थर अभ्यासून जुन्या महापुरांचा माग काढला आहे.

याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरावरून आखतात. नदीच्या प्रत्यक्ष मोजणीच्या नोंदी मात्र बहुतेक ठिकाणी काही दशकांच्याच असतात. त्याआधी पाणी किमान किती उंचीवर पोहोचले होते, हे गाळ सांगतो. घर, गोठा किंवा विहीर कुठे असावी, हे ठरवताना ही माहिती मोलाची ठरते.

शेतकऱ्यासाठीही थर ओळखणे गरजेचे आहे. पोयट्याचा पातळ थर नांगरून जमिनीत मिसळता येतो. वाळूचा जाड थर ओल धरत नाही, तो काढावाच लागतो. खरडलेल्या जमिनीचे नुकसान सर्वांत मोठे, कारण सुपीक माती पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली.